सायकल खांद्यावर घेण्याची शर्यत

सायकल माणसाला वाहून नेते, हा नित्याचा अनुभव आहे. परंतु जिच्यांत ठराविक जागीं माणसानेंच सायकल वाहून न्यावयाची, आणि तीहि भर हिवाळ्यांत, चिखलांतून व ओल्या गवतावरून, अशी एक शर्यत युरोपांत व अमेरिकेंत दर वर्षीं मोठ्या उत्साहानें होत असते. तिला सायक्लोक्रॉस असें म्हणतात. तिचा हंगाम सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो. निरनिराळ्या राष्ट्रांचीं अजिंक्यपदें बहुधा डिसेंबर-जानेवारींत ठरतात, आणि जगाचें अजिंक्यपद जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभीं ठरतें. पावसाळ्यांत पाणंदीनें जाणारा महाराष्ट्रांतील खेडूत चाक रुतलें कीं उतरतो, सायकल खांद्यावर टाकतो आणि घट्ट जमीन लागली कीं पुन्हां बसतो. त्याला जें गरजेपोटीं करावें लागतें, त्यालाच तिकडे खेळाचें रूप आलेलें आहे.

या खेळाचा जन्म फ्रान्समध्यें झाला. रस्त्यावरील मोठ्या शर्यती उन्हाळ्याबरोबर संपत. मग थंडीच्या दिवसांत अंगांतील ऊब व पायांतील बळ टिकवावें कसें, हा सायकलस्वारांपुढें प्रश्न असे. शेतें, कुंपणें व ओढे ओलांडीत आडवाटेनें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाणें, ही त्यावर त्यांनीं काढलेली तोड होय. डानिएल गूसो नांवाचा एक फ्रेंच शिपाई घोडेस्वारांच्या बरोबरीनें रानांतून सायकल हांकीत असे व पुढें त्यानेंच आपल्या मित्रांना जमवून अशा शर्यती भरविल्या, असें परंपरा सांगते. इ. स. १९०२ मध्यें फ्रान्सचें पहिलें राष्ट्रीय अजिंक्यपद झालें. १९१० सालीं ऑक्ताव लापीझ या स्वारानें टूर द फ्रान्स ही प्रख्यात शर्यत जिंकली आणि आपल्या यशाचें श्रेय हिवाळ्यांतील या आडरानांतल्या मेहनतीस दिलें. तेव्हांपासून या खेळाकडे पाहण्याची लोकांची दृष्टि बदलली व तो बेल्जम, स्वित्झर्लंड, इटली अशा शेजारच्या देशांत पसरला. पहिली जागतिक अजिंक्यपदाची शर्यत १९५० मध्यें पॅरिस येथें झाली. ती जिंकणारा झां रोबिक हा १९४७ च्या टूर द फ्रान्सचाहि विजेता होता.

शर्यतीचें स्वरूप समजण्यासाठीं प्रथम तिची वाट कशी असते तें पाहिलें पाहिजे. एखाद्या सार्वजनिक बागेंत किंवा गांवाबाहेरच्या माळावर फीत व खुंट्या लावून २.५ ते ३.५ किलोमीटर लांबीची एक वळणावळणाची फेरी आंखतात. तिची रुंदी कोठेंहि ३ मीटरपेक्षां कमी असूं नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तींत गवत, चिखल, वाळू, झाडींतील पायवाट, तीव्र चढ व घसरडा उतार हें सर्व थोडथोडें असतें. मधूनच पायऱ्या येतात. मधूनच वाटेंत दोन लांकडी फळ्या आडव्या उभ्या केलेल्या असतात. या फळ्यांची उंची ४० सेंटिमीटरपेक्षां अधिक नसते, आणि त्या एकमेकींपासून कांहीं मीटर अंतरावर असतात. वाटेचा ९० टक्के भाग तरी सायकलीवर बसून जातां येण्याजोगा असावा लागतो. उरलेल्या भागांत उतरण्यावांचून गत्यंतर नसतें.

या शर्यतींत अंतराला महत्त्व नसून वेळेला असतें. प्रमुख पुरुषांची शर्यत सुमारें एक तास, स्त्रियांची त्याहून थोडी कमी आणि मुलांची सुमारें ४० मिनिटें चालते. पहिल्या फेऱ्यांना किती वेळ लागला तें पाहून पंच एकंदर फेऱ्या किती ते ठरवितात व उरलेल्या फेऱ्यांचा आंकडा फलकावर लावतात. एक तास हा सायकलस्वाराच्या दृष्टीनें थोडाच वेळ. परंतु त्या तासांत दम घेण्यास क्षणभरहि सवड मिळत नाहीं. रस्त्यावरील शर्यतींत पुढच्या स्वाराच्या आडोशाला राहून वाऱ्यापासून बचाव करतां येतो. येथें वेगच इतका कमी व वळणें इतकीं जवळ जवळ असतात कीं, त्या आडोशाचा फारसा उपयोग होत नाहीं. ज्याचें त्यानेंच ओढावयाचें.

आतां या खेळांतील मुख्य कौशल्य कोणतें, तें सांगितलें पाहिजे. तें म्हणजे उतरण्याचें कौशल्य. सायकलीवर बसावयास सर्वच शिकतात. वेगांत असतांना, वेग न मोडतां उतरावयास फार थोडे शिकतात. फळ्या जवळ आल्या कीं स्वार उजवा पाय मागून फिरवून डाव्या बाजूस आणतो आणि क्षणभर एका डाव्या पायट्यावर उभा राहतो. एक हात हँडलवर, दुसरा सांगाड्याच्या वरच्या दांडीवर. फळीच्या ऐन अलीकडे तो डावा पायहि मोकळा करतो व धांवत सुटतो. सायकल हातांनीं उचललेली असते. दोन्ही फळ्या ओलांडतांच तो उडी घेऊन मांडीच्या आधारानें पुन्हां बैठकीवर येतो. उतरावयाचें तें डाव्याच बाजूनें, कारण सांखळी व दांत्यांचीं चक्रें उजव्या बाजूस असतात. चढ लांब असेल तर सायकल हातांत धरून भागत नाहीं; तेव्हां सांगाड्याच्या त्रिकोणांत उजवा खांदा घालून ती उचलतात. हा सारा प्रकार निष्णात स्वार इतक्या सहजतेनें करतो कीं, पाहणाऱ्याला तो केव्हां उतरला व केव्हां बसला हें कळतहि नाहीं. कांहींजण तर फळीवरून सायकलीसकट उडी मारतात. २००५ व २०१३ सालीं जगज्जेता झालेला बेल्जमचा स्वेन नेस याबद्दल विशेष प्रसिद्ध होता.

परंतु खरा प्रश्न उतरावें कसें हा नसून उतरावें केव्हां हा असतो. चिखलाच्या चढावर एखादा स्वार हट्टानें पायटे मारीत राहतो. चाक जागच्या जागीं फिरतें, तोल जातो आणि शेवटीं थांबून उतरावें लागतें. शेजारचा स्वार दहा पावलें आधींच उतरून धांवूं लागलेला असतो व तो पुढें निघून जातो. हीच गोष्ट टायरची. आंतरराष्ट्रीय शर्यतींत टायरची रुंदी ३३ मिलिमीटरपेक्षां अधिक चालत नाहीं. टायर खरबरीत असतो आणि त्यांत हवा मुद्दाम कमी ठेवतात. दर चौरस इंचास २०-२५ पौंड दाब असला म्हणजे तो ओल्या जमिनीवर पसरतो व तिला धरून राहतो. हवा जास्त झाली तर चाक घसरतें, फार कमी झाली तर दगडावर आपटून टायर फुटतो. म्हणून शर्यतीच्या दिवशीं सकाळींच वाट पायाखालून घालून, जमीन हातानें चांचपून, हवेचा निर्णय करावा लागतो. पाऊस सुरू झाला कीं तो निर्णय पुन्हां बदलतो.

येथपर्यंत ऐकून श्रोत्यांना वाटेल कीं, असल्या कष्टाच्या खेळांत केवळ धंदेवाईक माणसेंच भाग घेत असतील. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. हौशी खेळाडू म्हणजे ज्याचें पोट खेळावर अवलंबून नाहीं तो. आणि सायक्लोक्रॉसच्या आरंभरेषेवर उभ्या राहणाऱ्यांत अशांचीच संख्या नेहमीं मोठी असते. जागतिक अजिंक्यपदांतहि १९६७ पासून १९९३ पर्यंत हौशी व धंदेवाईक अशा दोन वेगळ्या शर्यती होत असत. १९६८ सालीं लक्झेंबर्ग येथें एरिक द व्लेमिंक यानें धंदेवाइकांचें, तर त्याचा धाकटा भाऊ रोजर यानें हौशी लोकांचें अजिंक्यपद मिळविलें. एकाच घरांत एकाच वर्षीं दोन्ही पदें आलीं. एरिकनें एकंदर ७ वेळां जगज्जेतेपद जिंकलें, आणि त्या विक्रमाची बरोबरी होण्यास २०२५ साल उजाडावें लागलें. ती नेदरलंड्सच्या माथ्यू व्हान डर पूल यानें फ्रान्समधील लीएव्हां येथें केली. १९९४ पासून हौशी व धंदेवाईक हा भेद जागतिक स्पर्धेंतून गेला. स्त्रियांना मात्र जागतिक अजिंक्यपदासाठीं २००० सालापर्यंत वाट पाहावी लागली. पहिलें पद जर्मनीच्या हांका कुप्फरनागेल हिनें मिळविलें.

जागतिक स्पर्धेंतून हा भेद गेला तरी हौशी माणूस गेला नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचेंच उदाहरण घेतां येईल. ती एक शर्यत नसून अनेक दिवस चालणारी जत्राच असते. शाळकरी मुलें, महाविद्यालयांचे संघ, तिशी, चाळिशी, पन्नाशीचे गट, इतकेंच काय पण सत्तरी ओलांडलेल्यांचा गट, अशा वेगवेगळ्या शर्यती त्याच वाटेवर होतात. यांत शिक्षक असतात, परिचारिका असतात, सुतार व कारकून असतात. ज्या चिखलांतून शेवटच्या दिवशीं देशांतील अव्वल स्वार जाणार, त्याच चिखलांतून हा कारकून आदल्या दिवशीं गेलेला असतो. क्रिकेटच्या शौकिनाला कसोटी सामन्याच्या खेळपट्टीवर खेळावयास मिळत नाहीं. सायक्लोक्रॉसच्या शौकिनाला तें भाग्य लाभतें.

शर्यत एकेकट्याची असतांना संघाचें प्रयोजन काय, असा प्रश्न येथें उद्भवतो. त्याचें उत्तर वाटेच्या एका कोपऱ्यांत सांपडतें. त्या जागेला पिट म्हणतात. स्वाराची सायकल मोडली किंवा चिखलानें जड झाली तर ती बदलून दुसरी घेण्याची त्याला मुभा असते. मात्र ती पिटमध्येंच. इतरत्र कोणाची मदत घेतली तर स्वार बाद होतो. पिटच्या पुढें थोडें गेल्यावर सायकल बिघडली तर मागें फिरतां येत नाहीं. ती खांद्यावर घेऊन पुढच्या पिटपर्यंत धांवावें लागतें. म्हणून वाट अशी आंखतात कीं, एकाच पिटच्या दोन्ही बाजूंनीं ती जावी व प्रत्येक फेरींत दोन वेळां संधि मिळावी. जोराचा चिखल असला म्हणजे कांहीं किलो माती सायकलीला चिकटते, गिअर अडतात, सांखळी कुरकुरते. मग स्वार दर अर्ध्या फेरीस सायकल बदलतो. तो परत येईपर्यंत चार मिनिटें मिळतात. तेवढ्यांत त्याच्या सोबत्यानें चिखल धुवावयाचा, सांखळीला तेल द्यावयाचें, गिअर नीट लावावयाचा आणि सायकल हातांत धरून वाटेकडे डोळे लावून उभें राहावयाचें.

धंदेवाईक संघाकडे यासाठीं पगारी कारागीर असतात. हौशी संघांत हें काम संघांतलेच लोक आळीपाळीनें करतात. सकाळीं जो चाळिशीच्या गटांत धांवला, तो अंगावरचा चिखल पुसून दुपारीं तरुण सोबत्याच्या पिटमध्यें उभा राहतो. कोणाची पत्नी कोरडे कपडे व गरम चहा घेऊन शेवटच्या रेषेजवळ थांबते, कोणाचा मुलगा पाण्याच्या बादल्या वाहतो. दुसरी सायकल सर्वांकडे नसते. तेव्हां ज्याची उंची जुळेल त्याची सायकल मागून घेतात. निकालाच्या यादींत यांपैकीं कशाचाहि उल्लेख नसतो. पुष्कळांच्या बाबतींत तर निकालहि आधींच ठरल्यासारखा असतो. मागील हंगामांतील गुणांवरून रांगा लावतात. नवखा स्वार शेवटच्या रांगेंत उभा राहतो आणि पहिल्या अरुंद वळणावर पुढची गर्दी तुंबली कीं तो तेथेंच अडकतो. तरीहि दहावा-विसावा कोणी असो, मागच्या वर्षीं साठावा आलेला यंदां पन्नासावा आला तर संघाला तो विजयच वाटतो.

अशा हौशी खेळाला स्वतःचें मैदान नसतें. क्रिकेटला, फुटबॉलला राखलेली जागा असते. सायक्लोक्रॉस मात्र सर्वांच्या बागेंत, चार दिवसांच्या परवानगीनें खेळला जातो. या उसन्या जमिनीमुळें कसा पेंच पडतो, तें २०१५ च्या जानेवारींत टेक्सास संस्थानांतील ऑस्टिन शहरीं दिसून आलें. त्या वर्षीं अमेरिकेचें राष्ट्रीय अजिंक्यपद तेथील झिल्कर पार्क या विस्तीर्ण उद्यानांत भरलें होतें. वयोगटांच्या व हौशी लोकांच्या पुष्कळशा शर्यती पार पडल्या. रविवारीं, ११ जानेवारीस, शाळकरी मुलें, तेविशीखालील तरुण आणि अव्वल स्त्री-पुरुष यांच्या शर्यती व्हावयाच्या होत्या. तोंच पावसानें जमीन भिजून गेली, वाटेचा चिखल झाला, आणि रविवारीं सकाळीं शहराच्या उद्यान खात्यानें शर्यती थांबविल्या. कारण होतें उद्यानांतील जुनीं झाडें.

सायकलीचें हलकें चाक मोठ्या वृक्षाचें काय बिघडविणार, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु झाडाचीं अन्नपाणी शोषणारीं बारीक मुळें बहुतांशीं जमिनीच्या वरच्या एक-दीड फुटांतच पसरलेलीं असतात. मातीच्या कणांमध्यें ज्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांतून या मुळांना हवा व पाणी मिळतें. कोरडी माती भार सहन करते. ओली माती दाबली गेली कीं त्या पोकळ्या मिटतात आणि मुळें गुदमरतात. शंभर स्वारांनीं सहा फेऱ्या मारल्या तर एकाच जागेवरून १२०० वेळां चाक फिरतें. त्यांत बुटांना खिळे लावून धांवणाऱ्यांचीं पावलें व प्रेक्षकांची वर्दळ आणखी निराळी. शिवाय हें नुकसान लगेच दिसत नाहीं. झाड पुढें कित्येक वर्षांनीं वाळूं लागतें व तेव्हां कोणाला कारणहि आठवत नाहीं. ऑस्टिन शहरानें २०१० सालीं नियम करून, ठराविक जातींच्या ज्या झाडांच्या खोडाचा व्यास २४ इंच किंवा अधिक असेल, त्यांना वारसावृक्ष म्हणून संरक्षण दिलें होतें. त्यानंतर लगेच २०११ मध्यें टेक्सासांत भयंकर अवर्षण पडलें व त्यांत त्या संस्थानांतील कोट्यवधि झाडें मेलीं. ज्या लोकांनीं हें पाहिलें, त्यांना उरलेल्या वृक्षांबद्दल काळजी वाटावी हें स्वाभाविकच होतें.

दुसऱ्या बाजूचें दुःखहि खोटें नव्हतें. देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुलें आलीं होतीं. त्यांच्या आईबापांनीं रजा काढल्या होत्या, तिकिटांसाठीं पैसे सांठविले होते. अव्वल स्वाराला पुढचा हंगाम असतो. अठराव्या वर्षांतील मुलाला त्या गटांतली ती शेवटचीच संधि. संध्याकाळपर्यंत शहराचे अधिकारी व सायकल-संघटना यांच्यांत बोलणीं होऊन, राहिलेल्या शर्यती दुसऱ्या दिवशीं, सोमवारीं, घेण्याचें ठरलें. पुरुषांत जेरेमी पॉवर्स व स्त्रियांत केटी कॉम्प्टन हीं विजयी झालीं. कॉम्प्टनचें तें सलग अकरावें राष्ट्रीय अजिंक्यपद होतें. परंतु ज्यांना सोमवारीं कामावर किंवा शाळेंत परतणें भाग होतें, त्यांची शर्यत न धांवतांच संपली. धंदेवाइकाला एक दिवस अधिक राहणें हें कामच असतें. हौशी माणसाला तो एक दिवस फार महाग पडतो.

या प्रसंगांत दोष कोणाचा, हा वाद त्या वेळीं पुष्कळ झाला. त्याहून उपयोगी प्रश्न असा कीं, पाऊस पडला तर काय करावयाचें, हें आधींच ठरविणें शक्य होतें कीं नाहीं. दोनच वर्षांपूर्वीं, २०१३ सालीं, केंटकी संस्थानांतील लुईव्हिल येथें जागतिक अजिंक्यपद भरलें होतें. युरोपच्या बाहेर तें प्रथमच जात होतें. स्पर्धेची जागा ओहायो नदीच्या कांठीं होती आणि रविवारीं पुराचें पाणी वाटेवर येणार, अशी सूचना मिळाली. चालकांनीं दोन दिवसांच्या साऱ्या शर्यती शनिवारीं, २ फेब्रुवारीस, एकाच दिवशीं उरकल्या. त्या दिवशीं सर्वांची धांवपळ झाली, परंतु कोणाचीहि शर्यत बुडाली नाहीं. पुराची वर्दी आधीं मिळाली होती, हें त्यांचें सुदैव खरें. तथापि वर्दी ऐकून वेळेवर बेत बदलणें हा सुदैवाचा भाग नव्हे.

पाऊस व चिखल हे या खेळाचे सोबतीच असल्यामुळें असा पेंच कोठेंहि व केव्हांहि पडूं शकतो. वाट आंखतांना मोठ्या झाडांपासून ती दूर ठेवणें, मुळांवरून न्यावीच लागली तर तेथें लांकडाच्या भुशाचा जाड थर पसरणें, किती पाऊस झाला म्हणजे शर्यत थांबवावयाची हें परवानगी घेतांनाच लिहून ठेवणें, आणि खेळ संपल्यावर गवत पुन्हां लावण्याचा खर्च उचलणें, हे त्यावरचे साधे उपाय होत. त्यांना पैसा थोडा व पूर्वविचार फार लागतो. आणि तें काम करण्यास हौशी संघच अधिक योग्य असतात. कारण ते त्याच गांवांत राहतात, त्याच बागेंत त्यांचीं मुलें खेळतात, आणि पुढल्या वर्षीं परवानगी मागावयासहि त्यांनाच जावें लागतें. चाक रुतण्यापूर्वीं दहा पावलें आधीं उतरावें, हें प्रत्येक स्वार वाटेवर शिकतो. जमीन ज्या लोकांची आहे त्यांच्याशीं वागतांनाहि त्यानें तेंच धोरण ठेवलें, तर बागेचें दार त्याला पुढल्या हिवाळ्यांतहि उघडें राहील.